ते स्वतःहून वेगळे राहिले नाहीत

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांबद्दलचा एक मेसेज सध्या फिरतोय. काल तो माझ्या भाच्याने घरच्या ग्रुपवर टाकला, वर ‘कटू पण सत्य’ असं लिहून. वाचणारा मुलगा, त्यालाही हे पटलं, म्हणून लिहायला बसले. मेसेजचं म्हणणं असं: भेदभाव १९६४ मध्येच कायद्याने संपला, वेगळ्या वस्त्या झाल्या कारण लोकांना आपापल्यात राहायला आवडतं, आणि कर्जासाठी नकाशावर लाल रंगवलेल्या, बदनाम ‘लाल’ वस्त्यांत गोरेही होतेच, शिवाय आपले भारतीय तिथे जाऊन वर आले, मग यांनाच काय झालं?

पहिला मुद्दा चटकन संपवते. घर विकताना किंवा भाड्याने देताना वर्ण बघायचा नाही, हा कायदा १९६८ चा. मार्टिन लूथर किंग यांची हत्या झाली, त्यानंतर आठवड्याने त्यावर सही झाली. १९६४ च्या कायद्यात घरांचा प्रश्न सुटलाच नव्हता.

दुसऱ्या मुद्द्याने मात्र माझं डोकं फिरलं. आवडतं म्हणून? डेट्रॉइटमध्ये एट माइल रोडजवळ काँक्रीटची एक भिंत आहे, सहा फूट उंच, साधारण अर्धा मैल लांब. १९४१ मध्ये एका बिल्डरला तिथे गोऱ्यांसाठी घरं बांधायची होती. पण शेजारी कृष्णवर्णीयांची वस्ती, म्हणून घरकर्जांना हमी देणारं सरकारी खातं, फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन, तयार होईना. बिल्डरने मध्ये भिंत घातली आणि हमी मिळाली. भिंत अजून उभी आहे. तिच्या काही भागावर आता चित्रं रंगवली आहेत.

हा कुणा एका अधिकाऱ्याचा विक्षिप्तपणा नव्हता. वस्ती स्थिर राहायची तर तिथे त्याच सामाजिक आणि वांशिक वर्गाची माणसं राहत राहिली पाहिजेत, असं या खात्याच्या १९३८ च्या नियमपुस्तकातच आहे. सरकारने स्वतः छापलेलं. न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटटाउनमध्ये १९४७ पासून याच हमीच्या आधारावर हजारो स्वस्त घरं उभी राहिली. सुरुवातीच्या करारात कलम होतं: गोऱ्यांखेरीज कुणी इथे राहायचं नाही, घरकामाला ठेवलेले नोकर तेवढे चालतील. हे कलम वाचूनही कुणाला ‘आवड’ म्हणावंसं वाटत असेल, तर मला खरंच कळत नाही काय बोलावं.

लाल वस्त्यांचं मात्र कबूल करावं लागतं. १९३० च्या दशकात कर्जासाठी ‘धोकादायक’ म्हणून जे भाग नकाशावर लाल रंगवले, तिथे राहणारे बहुतेक लोक गोरे होते, गरीब गोरे. पण कृष्णवर्णीयांच्या जवळजवळ सगळ्याच वस्त्या त्या लाल रंगात होत्या. आणि गोऱ्याने चार पैसे जमवले की त्याला लेव्हिटटाउनचं दार उघडं होतं. कृष्णवर्णीय डॉक्टरलाही ते बंद होतं. घर हीच तिथल्या मध्यमवर्गाची मोठी पुंजी, ती मुलांकडे जाते. फेडरल रिझर्व्ह या अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या २०२२ च्या पाहणीत, श्रीमंतीच्या क्रमाने बरोबर मधल्या गोऱ्या कुटुंबाची मालमत्ता २,८५,००० डॉलर निघाली, कृष्णवर्णीय कुटुंबाची ४४,९००.

राहिले आपले भारतीय. १९६५ च्या स्थलांतराच्या कायद्याने त्यांना दार उघडलं तेही बरेचसे शिकलेल्यांना निवडून, आणि तो कायदा झाला नागरी हक्कांच्या चळवळीच्या त्याच लाटेत. त्याआधी काय होतं? पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात राहिलेल्या भगतसिंग थिंड यांना सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्ये सांगितलं की भारतीय माणूस गोरा नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही. वैष्णो दास बगाई यांचं मिळालेलं नागरिकत्व त्यानंतर काढून घेतलं गेलं. या बगाईंनी त्याआधी बर्कलीत घर घेतलं होतं. सामान ट्रकमध्ये भरून बायको-मुलांसह ते दारात पोहोचले, तर शेजाऱ्यांनी घराला कुलूप लावून ठेवलेलं. कुटुंब तिथूनच माघारी फिरलं.