इंडिकेटर आला म्हणून हात काही गेला नाही

गाडीवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. त्याचा सारांश असा: हाताने इशारा करणं आता कायद्यात उरलेलं नाही, कोणी करत नाही, केलं तरी कोणाला कळत नाही. इंडिकेटर कधी चुकत नाही आणि हात बाहेर काढणं धोक्याचं. तेव्हा लर्निंग लायसन्सच्या परीक्षेतून ती हातांची चित्रं काढून टाका. खाली अंगठ्यांची रांग. (अंगठा हाही हाताचाच इशारा, पण असो.)

कायद्याचं आधी उरकू. १९८९ च्या रस्ते-नियमांत हाताचे पाच इशारे दिले होते. त्या नियमांची जागा २०१७ मध्ये नव्या नियमांनी घेतली, बहुधा तिथूनच ही आवई उठली. पण ज्याच्या आधारावर हे नियम होतात तो १९८८ चा मोटार वाहन कायदा जागेवरच आहे. त्याचं कलम १२१ सांगतं, की उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या गाडीने वळण्याचा किंवा थांबण्याचा इशारा यांत्रिक वा विजेच्या साधनाने दिला तरी चालेल. डाव्या बाजूला स्टिअरिंग असेल तर मात्र तो साधनानेच द्यावा लागेल. उघड आहे, डावीकडे बसलेल्याचा हात फुटपाथकडे निघणार, तो कोणाला दिसणार? म्हणजे आपल्याकडच्या गाड्यांना इंडिकेटर वापरायची मुभा दिलीय, हाताला बंदी केलेली नाही. गाडीला इंडिकेटर बसवलेले असणं सक्तीचं आहे, पण तो नियम वेगळा. पक्क्या लायसन्सच्या चाचणीच्या नियमातही इशारा हाताने किंवा इंडिकेटरने, असे दोन्ही पर्याय आहेत.

‘कोणी करत नाही’ हे काचा वर करून एसीत बसलेल्याचं म्हणणं. त्याच्यापुरतं खरंही आहे. कारवाले हात काढत नाहीत, मीही काढत नाही. पण रस्त्यावर फक्त कारच असतात का? सायकलला इंडिकेटर नसतो, हातगाडीला नसतो, बैलगाडीला नसतो. कारखाने सुरू झाले की सांगली-कोल्हापूरकडच्या रस्त्यांवर या. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, त्यांत चारी बाजूंनी बाहेर आलेला ऊस. मागचे दिवे असलेच तर उसाच्या पाल्याआड. तो ट्रॅक्टर शेताच्या वाटेला वळणार हे मागच्याला कळतं ते हात दिसला तरच. शहरात स्कूटरवर मागे बसलेली बाई एका हाताने पिशवी सांभाळत दुसरा हात बाहेर काढते आणि मागची रिक्षा मुकाट्याने दम धरते. आणि चौकात तळवा पुढे करून गाड्यांच्या मधून वाट काढणारे आजोबा? त्यांनी इंडिकेटर कुठे लावायचा?

‘कळत नाही’ हा मुद्दा अर्धा मान्य. पुस्तकातला डावीकडे वळण्याचा इशारा म्हणजे उजवा हात बाहेर काढून घड्याळाच्या उलट दिशेने गोल फिरवणं. ‘मला ओव्हरटेक कर’ यासाठी तोच हात पुढे-मागे अर्धगोलात हलवायचा. धावत्या गाडीमागून या दोन्हींतला फरक ओळखणं अवघडच, आणि डावीकडे वळणाऱ्याला कोणी डावीकडूनच ओव्हरटेक करायला गेला तर संपलंच. पण तळवा खाली करून हात वर-खाली हलवला तर ‘हळू हो’ हे लायसन्स नसलेल्यालाही समजतं. हात आडवा ताठ म्हणजे ‘मी उजवीकडे चाललोय’ हेही.

आता इंडिकेटर चुकत नाही म्हणे. आंबा घाट घ्या किंवा कुंभार्ली. पुढे माल भरलेला ट्रक, मागे तुम्ही. ट्रकचा उजवा इंडिकेटर लागतो. काय समजायचं? काही ड्रायव्हर तो ‘समोरून गाडी आहे, येऊ नको’ म्हणून लावतात. काही ‘रस्ता मोकळा आहे, काढ’ म्हणूनही उजवाच लावतात. आणि कधी त्याला खरोखरच उजवीकडच्या टपरीवर चहाला वळायचं असतं. दिवा एक, अर्थ तीन, आणि चुकीचा अर्थ लावला तर समोरून एसटी. तोच ड्रायव्हर खिडकीतून हात काढून तळवा मागे धरतो तेव्हा ‘थांब’ हे कळायला वेळ लागत नाही. हात पुढे ओढल्यासारखा हलवतो तेव्हा ‘जा’. अर्थात त्याचं ‘जा’ हा त्याचा अंदाज, ओव्हरटेकची जबाबदारी आपलीच.

स्कूटर-मोटरसायकलींची तऱ्हा आणखी वेगळी. कारचा इंडिकेटर स्टिअरिंग सरळ झालं की आपोआप बंद होतो, दुचाकीचा बहुतेक वेळा बटण दाबून बंद करावा लागतो. मग वळण मागे पडलं तरी माणूस आपला टिकटिकत चाललाय. शिवाय ‘मला सरळ जायचंय’ हे सांगायला चौकात चारही इंडिकेटर लावणारे महाभाग आहेतच. एका कोनातून त्यांचा एकच दिवा दिसतो आणि ते वळणार असं वाटतं. हात असा विसरून बाहेर राहत नाही.

धोका म्हणाल तर दुचाकीवर तो खरा आहे. अ‍ॅक्सिलरेटर उजव्या मुठीत, पुढचा ब्रेकही उजव्याच हाताला. तो हात सोडला की गाडीचा वेग पडतो आणि पटकन ब्रेक मारायचा म्हटलं तर बोटं हवेत. खड्ड्यांच्या रस्त्यावर तर नकोच. रात्रीही हाताचा उपयोग नाही, अंधारात तो दिसत नाही. तिथे इंडिकेटरच.

राहिली परीक्षा. चित्रं ठेवावीत, पण बदलून. आज त्यांत कारच्या खिडकीतून हात निघतो, आणि देशातल्या नोंदणी झालेल्या वाहनांपैकी सुमारे तीन चतुर्थांश दुचाकी आहेत. दुचाकीवर डावीकडे वळताना डावा हात कधी काढायचा आणि मुठीवर परत कधी आणायचा, याचं एक चित्र त्यांत आधी घाला. गोल फिरवायच्या हाताचा प्रश्न गाळला तर माझी हरकत नाही.