जाफन्याचा हिशेब कोणी मागायचा?

लिबिया, इराक, सिरिया यातलं काहीही निघालं की आपल्या टाइमलाइनवर सगळ्यांना एकदम कंठ फुटतो. अमेरिका कशी खोटं बोलली, नेटोनं 'नागरिकांचं संरक्षण' म्हणत कसे बॉम्ब टाकले वगैरे. बरोबरच आहे, मी पण लिहिलंय. २०११ ला सुरक्षा परिषदेत लिबियात लष्करी बळ वापरायला परवानगी देणारा १९७३ क्रमांकाचा ठराव आला तेव्हा भारत तटस्थ राहिला आणि नंतर त्या देशाची जी वाताहत झाली ती बघता शहाणपणाच केला म्हणायचं. नेटोची विमानं काही महिने उडत होती, नेटोचे प्रमुख रासमुसेन सांगत राहिले की आमच्या हातून नागरिक मेल्याची पक्की नोंद नाही, आणि ह्युमन राइट्स वॉचची माणसं जाऊन ढिगारे बघून आली तर आठ हल्ल्यांतच ७२ नागरिक मेलेले निघाले. पण २०१६ मध्ये ब्रिटनच्याच संसदेच्या समितीनं रिपोर्ट काढला आणि स्वतःच्या सरकारला सुनावलं, की धोका फुगवून सांगितलात, माहिती अर्धवट होती, पुढं काय करायचं याचा पत्ता नव्हता. शिक्षा कोणाला झाली नाही, मान्य. पण कागदावर तरी आलं.

आता मुद्द्यावर येतो. आपण पण एकदा दुसऱ्याच्या यादवीत फौज घेऊन उतरलो होतो, फार जुनी गोष्ट नाही, १९८७ ते १९९०, श्रीलंका. भारतीय शांतिसेना. त्याबद्दल आपल्या संसदेचा असा कुठला रिपोर्ट आहे? नाहीये. ज्यांचा जन्म नव्वदनंतरचा आहे त्यातल्या निम्म्यांना आपण तिथं होतो हेच माहीत नसतं, आणि ज्यांना माहीत असतं त्यांना राजीव गांधींच्या हत्येच्या अलीकडचं काही सांगता येत नाही.

थोडं मागून सांगतो. १९८३ च्या तमिळविरोधी दंगलींनंतर तमिळ बंडखोरांच्या पोरांना आपणच ट्रेनिंग दिलं, रॉनं, तमिळनाडूत आणि पार डेहराडूनकडं. हे आता गुपित राहिलेलं नाही, त्या काळातल्या अधिकाऱ्यांनीच लिहून ठेवलंय. म्हणजे आग विझवायला गेलो तेव्हा काडेपेटी आपल्याच खिशातली होती. ८७ च्या उन्हाळ्यात श्रीलंकेच्या लष्करानं उत्तरेकडच्या तमिळबहुल जाफन्याची नाकेबंदी करून मोठी मोहीम काढली, लोकांचे हाल चालले होते, ते खोटं नव्हतं. आपण रेड क्रॉसचे झेंडे लावून धान्याच्या होड्या पाठवल्या, त्यांच्या नौदलानं परत पाठवल्या. मग ४ जूनला बंगळुरूहून पाच एएन-३२ विमानं उडाली, बरोबर मिराज फायटर, आणि जाफन्यावर पंचवीसेक टन धान्य वगैरे खाली टाकलं. ऑपरेशन पूमालाई. आता यातला डिटेल बघा, त्या मालवाहू विमानांत पत्रकार बसवले होते, देशी-विदेशी दोन्ही. पंचवीस टनात अख्ख्या जाफना द्वीपकल्पाचं पोट भरत नाही हे दिल्लीत कोणाला कळत नव्हतं का? पण फोटो जगभर गेला पाहिजे होता आणि कोलंबोला मेसेज गेला पाहिजे होता, दोन्ही गेले. पुढच्या महिन्यात, २९ जुलैला, श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने आणि राजीव गांधींच्या करारावर सह्या झाल्या आणि आपली फौज उतरली.

सुरुवातीला लोकांनी स्वागत केलं, हार घातले, हे पण खरं. आणि प्रचार काय आपल्या एकट्याचा होता असं नाही. सप्टेंबरात एलटीटीईच्या, म्हणजे तमिळ टायगरांच्या, तिलीपननं भारताविरुद्ध नल्लूरच्या देवळाजवळ पाण्याचा थेंब न घेता उपोषण केलं आणि बाराव्या दिवशी गेला, एलटीटीईनं ते असं उभं केलं की जाफन्यातला मूड फिरला तो फिरलाच. मग ऑक्टोबरच्या सुरुवातीला पकडलेल्या टायगरांनी सायनाइड खाल्लं, सगळंच हातातून सुटलं आणि शांती राखायला गेलेली फौज त्याच शहरावर चालून गेली ज्याला चार महिन्यांपूर्वी आपण वरून धान्य टाकलं होतं.

आणि १० ऑक्टोबरला, म्हणजे जाफन्याची लढाई पेटली तेव्हा, आपल्या जवानांनी पहिल्या झटक्यात काय केलं माहितीये? ईळमुरसू आणि मुरसोली या दोन तमिळ पेपरांचे छापखाने स्फोटकं लावून उडवले. ते पेपर टायगरांच्या बाजूचं छापत होते, असतील, पण जूनमध्ये पत्रकार विमानात आणि ऑक्टोबरमध्ये छापखाना हवेत, एवढ्यावरून कळतं की आपल्याला बातमी कधी हवी होती आणि कधी नको होती. लढाई चालू असताना बाहेरचा पत्रकार जाफन्यात क्वचितच पोचत होता. दिल्लीत जे छापून येत होतं ते बहुतेक सरकारी ब्रीफिंग.

त्याच महिन्यात दिवाळी होती. २१ ऑक्टोबरला जाफना हॉस्पिटलमध्ये जे झालं ते मी एकदा नीट वाचलं आणि त्यानंतर शांतिसेना हा शब्द मला पूर्वीसारखा सहज वापरता आला नाही. सकाळपासून तोफगोळे पडत होते. टायगर काही वेळ आवारात शिरले होते, डॉक्टरांनी हात जोडून त्यांना जा म्हणून सांगितलं, हेही नोंदलेलं आहे, म्हणजे लपवायला कोणी बसलं नव्हतं. दुपारनंतर आपले जवान आत आले. स्टाफ आणि पेशंट एक्स-रेच्या भागात जमिनीवर पडून होते, तिथं गोळीबार झाला, ग्रेनेड फुटले. जे वाचले ते रात्रभर प्रेतांच्यात श्वास धरून पडून राहिले कारण कोणी हललं, खोकलं की गोळी यायची. दुसऱ्या दिवशी सकाळी एक सीनियर बालरोगतज्ज्ञ नर्सना बरोबर घेऊन हात वर करून बाहेर आले, आम्ही डॉक्टर आहोत, शरण येतोय असं ओरडत. त्यांना गोळी घातली. एकूण मेले साठ-सत्तर, त्यात २१ जण हॉस्पिटलचाच स्टाफ. आपल्या बाजूचं म्हणणं काय तर आतून फायरिंग होत होतं, क्रॉसफायर. बरं, समजा आतून फायरिंग झालं. तर मग चौकशी करून तेच सिद्ध करायचं होतं ना? जाहीर चौकशी झालीच नाही, ना आपली ना त्यांची.

आता कमेंटमध्ये 'जवानांचा अपमान' येणार म्हणून आधीच बोलून घेतो. या खोट्याची किंमत पहिल्यांदा जवानांनीच मोजली. ११-१२ ऑक्टोबरच्या रात्री जाफना युनिव्हर्सिटीच्या मैदानात १३ शीख लाइट इन्फन्ट्रीचे तीस जण हेलिकॉप्टरनं उतरवले, टायगर आधीच दबा धरून बसले होते, त्यातले २९ गेले, एक पकडला गेला. ही कसली माहिती होती, कोणी दिली, कोणी खात्री केली? मेजर रामस्वामी परमेश्वरन आपल्या मुंबईत जन्मलेले, ८ महार बटालियनचे, २५ नोव्हेंबरला छातीत गोळी लागल्यावर पण लढत राहिले, परमवीर चक्र मिळालं. अशी साधारण बाराशे माणसं परत आली नाहीत. आणि मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी मद्रासला उतरली तेव्हा स्वागताला मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. शहीदांच्या नावांचं स्मारक कोलंबोजवळ श्रीलंकेनं बांधलं, दिल्लीत कित्येक वर्षं माजी सैनिक आपापले जमून फुलं वाहायचे. चार डिव्हिजन परदेशात पाठवताना ज्यांनी 'काही दिवसांचं काम आहे' सांगितलं त्यांना कोणी विचारलं नाही, म्हणून तर पुढं हे सगळं असंच गुंडाळून ठेवता आलं. जवानाचं शौर्य पुढं करायचं आणि त्याच्या मागं निर्णय घेणारा लपवायचा, ही ट्रिक सगळ्या देशांत चालते, आपल्याकडं जरा जास्तच चालते.

ऑगस्ट १९८९ मध्ये वल्वेट्टितुराईला, टायगरांचा म्होरक्या प्रभाकरनच्या गावात, गस्तीवर हल्ला होऊन सहा जवान गेले आणि त्यानंतर दोन-तीन दिवसांत तिथले पन्नासहून जास्त नागरिक मारले गेले, घरं जाळली. गावच्या नागरिक समितीनं एकेक नाव लिहून काढलं. सरकारी उत्तर परत तेच, क्रॉसफायर. आणि यावर आवाज कुठून उठला तर आपल्या मुंबईतून, कामगार पुढारी जॉर्ज फर्नांडिसांनी त्याला 'भारताचं माय लाय' म्हटलं (माय लाय म्हणजे व्हिएतनाममधलं ते गाव जिथं अमेरिकी सैनिकांनी गावकरी मारले), त्यांच्या प्रस्तावनेची पुस्तिकाच इथून निघाली. वाचून वाटतं वा, काय माणूस! मग हेच जॉर्जसाहेब १९९८ ला संरक्षणमंत्री झाले. वल्वेट्टितुराईची चौकशी काही त्यांनी पण लावली नाही. मला त्यांच्याबद्दल आदर आहे, पण विरोधी बाकावरची सद्सद्विवेकबुद्धी मंत्रालयाच्या लिफ्टमध्ये कुठं गळून पडते हे कधीतरी कोणीतरी शोधायला पाहिजे.

श्रीलंकेनं का नाही विचारलं? कारण त्यांना पण परवडत नव्हतं. जयवर्धनेंनंतरचे राष्ट्राध्यक्ष प्रेमदासांनी तर भारतीय फौज घालवायची म्हणून स्वतः एलटीटीईला हत्यारं दिली होती, ते कुठल्या तोंडानं चौकशी करणार. नंतर १९९४ ला बेपत्ता लोकांसाठी आयोग नेमले, त्यांची कक्षा १ जानेवारी १९८८ पासून. हॉस्पिटल ऑक्टोबर ८७ चं. पुढं २०१२ आणि १३ ला आपण जिनिव्हात, संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेत, श्रीलंकेविरुद्ध मतदान केलं, हिशेब द्या म्हणून, छानच. २०१४ ला संयुक्त राष्ट्रांची चौकशी आली तिचा काळ २००२ ते २०११. बघा ना, तारखा कशा पडतात! आपला ८७ चा ऑक्टोबर दोन्हींच्या बाहेर.

आणि एलटीटीईनं तर काय, २१ मे १९९१ ला श्रीपेरंबुदूरला राजीव गांधींना मारलं आणि आपल्याला आयतंच मिळालं. त्यानंतर भारतात जाफन्यातल्या मेलेल्या नर्सचं नाव काढणं म्हणजे मारेकऱ्यांची बाजू घेणं झालं. पण ज्या लोकांनी खरोखर हिशेब लिहिला त्यांना एलटीटीईनं पण सोडलं नाही. जाफना युनिव्हर्सिटीत अ‍ॅनाटॉमी शिकवणाऱ्या राजिनी तिराणगामा, एकेकाळी टायगरांवर उपचार करणाऱ्या बाई, त्यांनी आणि तीन सहकाऱ्यांनी मिळून श्रीलंकन लष्कर, शांतिसेना, टायगर, इतर गट सगळ्यांचं सगळं लिहून काढलं. हॉस्पिटलमधल्या त्या रात्रीचे तपशील आज जगाला माहीत आहेत त्यात यांचा मोठा वाटा. २१ सप्टेंबर १९८९ ला सायकलवरून घरी जाताना त्यांना गोळ्या घातल्या, वय ३५. आपली फौज तेव्हा शहरातच होती.

म्हणून मला आपल्याकडच्या त्या 'पश्चिमेचा दुटप्पीपणा' वाल्या पोस्टींचा वैताग येतो. मागणी तरी काय मोठी आहे? संरक्षण मंत्रालयानंच जून २०२१ मध्ये धोरण जाहीर केलं की युद्धांच्या, मोहिमांच्या नोंदी साधारण २५ वर्षांत खुल्या कराव्यात. शांतिसेना परत आली १९९० ला, त्यात २५ मिळवा, २०१५ ला मुदत संपली. युनिट डायऱ्या उघडा, छापखान्याची ऑर्डर कोणाच्या सहीची होती ते दाखवा, हेलिकॉप्टर उतरवायच्या आदल्या दिवशी काय माहिती हातात होती ते दाखवा. क्रॉसफायरच असेल तर तेही त्यात निघेल.

सातारा, कोल्हापूर, कोकणात कोणाचे वडील, काका ऑपरेशन पवनमध्ये, म्हणजे जाफन्याच्या त्या लढाईत, असतील तर त्यांच्याकडून ऐकलेलं कमेंटमध्ये जरूर लिहा, चांगलं वाईट दोन्ही, मला मनापासून वाचायचंय. फक्त राजीव गांधींना कोणी मारलं हे सांगायला येणाऱ्यांनी तेवढे कष्ट घेऊ नका, ते वर लिहिलंय.