माझं वजन विचारायला तोंड दुखतं का?

आज परत तेच. बाइकची तिसरी सर्व्हिसिंग. तिन्ही वेळा काउंटरवर उभं राहून मी जॉबकार्डवर लिहून घेतलं, "मागचे शॉकअप खाली आदळतात, सेट करणे." तिन्ही वेळा गाडी धुतली, पुसली, चेनला तेल मारलं आणि दिली हातात. शॉकअपला कुणी बोट लावलेलं नाही. आज घरी येऊन बघतो तर शॉकअपच्या खाचेतला (स्प्रिंग कमी-जास्त दाबायला पायऱ्यांसारख्या खाचा असतात ना, त्यातला) चिखल जसाच्या तसा वाळून दगड झालेला.

माझं वजन ९४ किलो आहे. मागे बायको, तिच्या मांडीवर डब्याची पिशवी. कासारवडवली ते वागळे इस्टेट, रोज जाऊन येऊन. ठाण्याचा घोडबंदर रोड ज्यांच्या नशिबी आहे त्यांना वेगळं सांगायला नको. वाघबीळचा पूल, पातलीपाड्याचा पूल, मानपाड्याचा पूल, प्रत्येक सांध्यावर खालून ठक्क! पुलावरून न जाता खालून गेलं तर खड्डे आणि उचकटलेले पेव्हर ब्लॉक. गेल्या महिन्यात मानपाड्याला बायको कंबर धरून उतरली, पाच मिनिटं नुसती कठड्याला टेकून उभी होती. हे मी सर्व्हिसिंगच्या काउंटरवरच्या माणसाला सांगितलं, तर म्हणतो, "वहिनींना जरा पुढे सरकून बसायला सांगा." डोकंच फिरलं माझं.

आणि वर हे ठरलेलं उत्तर, "साहेब, कंपनी सेटिंग आहे, त्याला हात लावत नाहीत." अरे, त्या पाच खाचा कंपनीनेच दिल्यात ना? फिरवायलाच दिल्यात! ५५ किलोचा कॉलेजचा पोरगा आणि मी, दोघांना एकच खाच कशी चालेल? डिलिव्हरीच्या दिवशी सीट कव्हर हवं का विचारलं, टेफ्लॉन कोटिंग विचारलं, वाढीव वॉरंटी तर चार वेळा विचारली. वजन किती, मागे कोण बसतं, हे एकानेही विचारलं नाही.

मागच्या सर्व्हिसिंगनंतर कंटाळून नाक्यावरच्या गॅरेजमध्ये गेलो. तो म्हणे, "कडक केलं तर जास्त आदळेल, त्यापेक्षा नवीन जोडी टाका, साडेचार हजार." इथे बहुतेकांचा हाच गैरसमज आहे. खाच फिरवल्याने स्प्रिंग कडक होत नाही. स्प्रिंग तीच राहते, फक्त आधीच थोडी दाबली जाते आणि गाडी मागून उचललेली राहते. खाच कमी असली की जड माणूस बसताच अर्धा शॉकअप तिथेच संपतो. मग खड्डा आला की उरलेला संपतो आणि थेट शेवटच्या रबरी ठोकळ्यावर आपटतो. तो दणका कंबरेत बसतो. शिवाय मागचं बूड बसलं की हेडलाइट वर जातो, रात्री समोरच्याच्या डोळ्यात. लोक शिव्या घालतात, बरोबरच घालतात.

शेवटी आज पार्किंगमध्ये मीच बसलो. आधी मोजलं. गाडी मेन स्टँडवर, मागचं चाक लटकतं, तेव्हा एक्सलच्या नटापासून सरळ वर सीटखाली लावलेल्या चिकटपट्टीपर्यंतचं अंतर. मग स्टँड काढून, दोन-तीनदा दाबून, भिंतीला बोट टेकवून, दोन्ही पाय फूटरेस्टवर घेऊन मी बसलो आणि मुलाने परत टेप धरली. फरक ४७ मिलिमीटर! एकटा मी, बायको नाही, पिशवी नाही. माझ्या गाडीचं मागचं चाक सगळं मिळून ११० मिलिमीटर वर-खाली होतं. माणूस बसल्यावर त्याचा साधारण तिसरा हिस्सा बसावा, म्हणजे ३६-३७.

मग चिखल खरवडला, आणि जे दिसलं त्याने हातपाय थरथरायला लागले. डावा शॉकअप तिसऱ्या खाचेवर, उजवा दुसऱ्या! त्या गॅरेजवाल्यानेच एक बाजू फिरवून सोडून दिली असणार. दोन्ही बाजू सारख्या पाहिजेत, नाहीतर स्विंगआर्मला, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याला, पीळ पडतो, हे शॉकअपला हात लावणाऱ्याला माहीत नको? इतके दिवस मी असा बायकोला मागे घेऊन फिरतोय.

सी पाना घेतला, तो चंद्रकोरीसारखा असतो तो. पहिल्या झटक्याला निसटला, दोन बोटांची सालटी गेली. गंजरोधक तेल मारलं, दहा मिनिटं थांबलो, मग कट्ट, कट्ट करत दोन्ही चौथ्यावर आणले. परत मोजलं, ३८. दोघं बसलो की पाचवी खाच. तेल मुरायचा वेळ धरूनही अर्धा तास, पैसे शून्य.

संध्याकाळी बायकोला घेऊन पातलीपाड्याच्या पुलावरून गेलो. सांधा आला आणि गेला. ती काही बोलली नाही, फक्त माझ्या खांद्यावरची तिची पकड सैल झाली.

आणि आत्ता सर्व्हिसिंगचा कागद समोर आहे. त्यावर छापलेल्या रकान्यात 'सस्पेन्शन तपासले' आणि पुढे निळ्या पेनाची टिक. डावा तिसऱ्यावर आणि उजवा दुसऱ्यावर असताना! सोमवारी हा कागद आणि खाचांचे फोटो घेऊन जाणार आहे. ती टिक माझ्यासमोर खोडून सही करा म्हणणार, त्याशिवाय काउंटरवरून हलणार नाही.