लायनफिशचा काटा लागला तर बर्फ लावू नका!

लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या, पिसारा फुलवलेल्या माशाचा, म्हणजे लायनफिशचा, फोटो असलेला एक मेसेज आणि खाली मजकूर: ‘चीनमधून आलेला नवा मासा! स्पर्श होताच पाच मिनिटांत मृत्यू. पिसाऱ्यातून विष फवारतो, पोहणाऱ्यांच्या मागे लागतो. खाल्ला तरी मरण. काटा लागल्यास वर घट्ट दोरी बांधा, चिरा देऊन रक्त काढा, बर्फ लावा.’ भाचा अंदमानला निघालाय म्हणून माझ्या ताईने त्याच्याकडून हे उपाय चक्क पाठ करून घेतले!

आधी उपायांचंच बघू, खरा धोका तिथेच आहे. दोरीने रक्तपुरवठा तुटतो, चिरा दिल्याने जखम वाढते. आणि बर्फ कशाला? या माशाचं विष प्रथिनांचं, ते उष्णतेने निकामी होतं. सोसेल इतक्या गरम पाण्यात, 45 अंशांच्या वर नाही, हात किंवा पाय 30 ते 90 मिनिटं बुडवून ठेवायचा. पाणी दुसऱ्या, धड हाताने तपासायचं. दुखऱ्या हाताला चटका कळत नाही. मग डॉक्टर गाठायचा, कारण काट्याचा तुकडा आत राहू शकतो. श्वास लागला तर थेट रुग्णालय. सॅन फ्रान्सिस्कोच्या विषबाधा केंद्राने 1985 साली लायनफिशच्या दंशाची 45 प्रकरणं मांडली. ज्यांनी गरम पाणी वापरलं, त्यांतल्या बहुतेकांना आराम पडला होता.

वेदना भयंकर होतात, तास न् तास टिकतात, कुणाला मळमळही होते. एवढं त्या मेसेजचं मान्य.

पण फवारणी? विषारी काटे पाठीवर 13, पोटाकडे 2 आणि शेपटीच्या अलीकडे खाली 3. बाजूचा तो देखणा पिसारा बिनविषारी! काटा रुतून त्यावरचं आवरण फाटलं, तरच विष जखमेत उतरतं. हा मासा फुंकतो ते नुसतं पाणी, तेही छोट्या माशांवर, शिकार करताना. दिवसा तो बहुधा खडकांच्या कपारीत असतो, पहाटे आणि तिन्हीसांजेला शिकार करतो. माणूस अंगावर आला तर पाठीचे काटे त्याच्याकडे वळवतो, पाठलाग करत नाही.

‘नवा’ म्हणे! अंदमान-लक्षद्वीपच्या प्रवाळांत तो मूळचाच आहे. उपरा आहे तो अटलांटिकमध्ये. फ्लोरिडाजवळ 1985 मध्ये सापडला आणि पुढे कॅरिबियनभर उच्छाद मांडला. म्हणून तर अमेरिकेच्या ‘नोआ’ या सागरी संस्थेने 2010 साली ‘लायनफिश खा’ अशी मोहीमच काढली. विष काट्यांत असतं, मांसात नाही. फक्त जिथल्या प्रवाळांतल्या माशांत सिग्वाटेराचं विष (सूक्ष्म शैवालांतून माशांच्या मांसात साठणारं) आढळतं, तिथला लायनफिशही खाऊ नये. ते विष शिजवून जात नाही.