आम्ही असतो तर जगलो असतो!

परवा पणजीतल्या एका छोट्या सभागृहात जॉन हिलकोट यांचा 'द रोड' दाखवला. २००९ चा चित्रपट, १११ मिनिटांचा. जग उद्ध्वस्त झाल्यावर एक बाप लहान मुलाला घेऊन समुद्राकडे चालत निघतो, एवढीच गोष्ट. पडद्यावर जग संपलेलं आणि मागच्या रांगेत मतं नुकतीच सुरू झालेली. १११ मिनिटांत इतकी मतं मावतात हे ठाऊक नव्हतं. ज्यांना अजून असं मत देणं जमत नाही, अशा होतकरू प्रेक्षकांसाठी हे थोडं मार्गदर्शन.

पहिल्या पाच मिनिटांतच "पण झालं काय नक्की?" हे विचारून घ्यावं. घड्याळं १ वाजून १७ मिनिटांनी थांबली, लख्ख उजेड झाला, मग दबके धमाके ऐकू आले. बाप एवढंच सांगतो आणि शेवटपर्यंत त्याहून जास्त काही कळत नाही. म्हणून आपण गप्प बसायचं नाही. अणुबॉम्ब, उल्का, ज्वालामुखी, चीन असे पर्याय शेजाऱ्याला एकेक करून द्यावेत. कॉर्मॅक मॅकार्थी यांनी २००६ च्या मूळ कादंबरीतही कारण सांगितलेलं नाही आणि तरी २००७ चं पुलित्झर तिलाच मिळालं. लेखक विसरला असेल बिचारा.

बाहेर आगीचा उजेड दिसतो आणि बाप उठून टबाचा नळ सोडतो. इथे मोठ्याने हसावं आणि म्हणावं, "ह्या वेळी आंघोळ?" त्याची बायकोही तेच विचारते, म्हणजे तुम्हाला साथ आहे. आता २०१९ च्या ऑगस्टमध्ये खांडेपारला जलवाहिन्या फुटल्या, फोंडा आणि तिसवाडी हे तालुके जवळजवळ आठवडाभर कोरडे पडले, तेव्हा बादल्या, पिंपं, कुकर आणि चतुर्थीची माळ्यावरची भांडी भरून ठेवणारे आपणच. वीज गेली की पंप थांबतो, पंप थांबला की नळात उरेल तेवढंच पाणी आपलं, हे आपल्याला पक्कं ठाऊक. पण पडद्यावरच्या माणसाला ते आपल्याआधी सुचलं तर तो वेडा.

"सबंध चित्रपट करडा आहे हो, रंगच नाहीत," हे मत घरी टीव्हीवर पाहणाऱ्यांना विशेष शोभतं. त्यासाठी टीव्ही 'विविड'वर ठेवा, शार्पनेस शेवटपर्यंत चढवा, हालचाल गुळगुळीत करणारं मोशन स्मूदिंग चालू करा आणि दुपारी चारला पश्चिमेची खिडकी सताड उघडी ठेवून पाहायला बसा. राखेचं आभाळ जांभळट दिसेल, बापाचा फाटका कोट कालच शिवल्यासारखा वाटेल आणि चेहऱ्यांवरचा मळ मेकअपसारखा. पेनसिल्व्हेनियातला हिवाळा, कत्रिना वादळानंतरचं न्यू ऑर्लिन्स, १९८० मध्ये फुटलेल्या माउंट सेंट हेलेन्स ज्वालामुखीचा परिसर असं हिंडून छायाचित्रकार खाविएर आगिरेसारोबे यांनी तो मेलेला उजेड गोळा केला. तुम्ही तो रिमोटच्या दोन बटणांनी घालवू शकता. (ज्यांना चुकून पाहायचाच असेल त्यांनी 'सिनेमा' मोड लावावा, स्मूदिंग बंद करावं, पडदे ओढावेत. मग कोका-कोलाच्या डब्याचा लाल रंग डोळ्यांत का भरतो ते कळेल. त्या पोराने तसा डबा जन्मात पाहिलेला नसतो.)

बाप फार कडक आहे, असंही म्हणावं.

सबटायटल मोठ्याने वाचावीत.

"गोळ्या का घालत नाही?" हे दर दहा मिनिटांनी. पिस्तुलात दोन होत्या, एक सुरुवातीलाच गेली, दुसरी कुणासाठी राखली आहे ते बाप मुलाला शिकवतो. तेव्हा तुम्ही वेफर्सचा पुडा फोडत होता.

डब्याडब्यांनी भरलेलं तळघर सापडतं तिथे दोन मतं तयार ठेवावीत. एक, इतकी वर्षं डबे टिकतीलच कसे? टिकतात. कोरडी जागा हवी, डबा गंजून भोक पडलेलं नको, शिवण गळलेली नको आणि झाकण फुगलेलं नको. फुगलेलं असेल तर आत वायू धरलाय, तो डबा उघडायचासुद्धा नाही. बाकीच्यात चव जाते, पोट भरतं. दोन, एवढं सोडून गेलेच कशाला? त्या खोलीला झाकण एकच आणि बाहेर पडायची वाटही तीच. वर कुणाची तरी चाहूल लागलेली आहे. आत शिजवलं की वास वर जाणार, आणि वास घेत आलेला माणूस झाकणावर नुसता बसला तरी खालच्यांचं काम संपलं. पण हे समजून घ्यायचं तर पडद्याकडे बघावं लागतं.

आणि आता आपलं खास गोव्याचं मत. बाप-लेक कसेबसे समुद्रापाशी पोचतात, समुद्रही राखाडी निघतो, सभागृहात कुणी खोकतसुद्धा नाही. तोच क्षण साधायचा: "ह्यांना मासे धरता येत नाहीत? आम्ही गोंयकार असतो तर जगलो असतो मरे! दर्या आहे, माड आहेत, घरात पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्यासाठी वाळवून भरलेला साठा, आहे."

पुरुमेंत! ते होतं कशावर? एप्रिल-मेच्या उन्हावर. बांगडे चिरायचे, पोटातलं काढायचं, मिठात घालायचे आणि मग कडक ऊन द्यायचं. मध्येच एक दिवस आभाळ भरलं की माशी बसते, अळी पडते आणि घरातली म्हातारी दिवसभर आभाळाला शिव्या घालते. सोलं करायची तर रातांब्याची सालं रसात बुडवून वाळवायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा वाळवायची. मिरची दमट राहिली तर बुरशी. आणि मीठ? मिठागरातलं मीठ म्हणजे उन्हाचंच पीक. पडद्यावर ऊन दिसलं का कुठे? वर्षानुवर्षं राखेखाली आहे ते जग. झाडं मरून उभ्या उभ्या कोसळताहेत. समुद्रातल्या बारीक वनस्पतींना उजेड लागतो, त्या मेल्या की त्यांच्यावर जगणारे जीव मेले, मग तारली, मग बांगडा, मग तुमचा इसवण. १८१५ मध्ये तांबोरा नावाचा एक ज्वालामुखी फुटला आणि १८१६ मध्ये युरोप-अमेरिकेत उन्हाळाच आला नाही, जूनमध्ये बर्फ पडला, पिकं गेली. तेव्हा सूर्य फक्त जरा मंदावला होता. इथे तो नाहीच. गळ टाकून बसणार आणि काढणार काय, राख?

माड म्हणे. आज, ह्या घडीला, सगळं सुरळीत असताना, नारळ पाडायला पाडेली मिळतो का? फोन करा, आठ दिवस थांबा, मग तो येत नाही. जगबुडीनंतर कोण चढणार, तुम्ही? मासे धरणं म्हणजे तुमच्या लेखी मडगावच्या बाजारात घासाघीस करणं. ट्रॉलरला डिझेल लागतं, बर्फ लागतो. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरची मासेमारी बंद, ६१ दिवस, तेवढ्यात तुमचं तोंड सुकतं. चोर्ला घाटात एक दरड कोसळून बेळगावची भाजी अडकली की संध्याकाळी टोमॅटोच्या भावावरून घराघरात रणकंदन. खाजनाचा, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतांचा, बांध फुटून खारं पाणी शेतात शिरतं तेव्हा चार टोपल्या माती टाकायला गाव जमत नाही. सभागृहातला एसी दहा मिनिटं बंद पडला तेव्हा उठून "हें किदें रे?" म्हणून ओरडला होतात, आठवतं?

पुढचं मार्गदर्शन राहू दे. मत असू नये असं कोण म्हणतंय? चित्रपट आवडला नाही, फार उदास वाटला, पोटात गोळा आला, तर तसं म्हणा. बाहेर येऊन म्हणा, चहा घेत म्हणा, रात्रभर भांडा. पण तळघरात माणसं खाण्यासाठी कोंडून ठेवलेली दिसताहेत आणि मागून विचारणा होते, "रात्री जेवायला काय रे?" लाज नाही वाटत? २००४ पासून इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, गोव्यात होतोय. गळ्यात कार्ड घालून फिरायला शिकलात, अंधारात तोंड मिटायला नाही शिकलात. बापाचं काम करणाऱ्या व्हिगो मॉर्टेन्सनच्या तोंडी अर्धा चित्रपट शब्द नाहीत. त्याला जमतं, तुम्हाला काय होतं?

शेवटाकडे डबा उघडल्यावर आतून एक भुंगेरा उडतो. एवढ्या मेलेल्या जगात एक जिवंत किडा. बाप-लेक तो वर जाताना बघत राहतात, काही सेकंदच. नेमकं तेव्हाच मागच्या रांगेत मोबाइलचा टॉर्च लागला, अर्धा पडदा पांढरा झाला. कशाला, तर सीटखाली सरकलेली चप्पल शोधायला. चप्पल काढलीच कशाला मुळात? देवळात आला होता काय?