पंचवीसपैकी चोवीस, आणि तरीही 'आर्शिवाद'

गेल्या शनिवारी माझ्या पाचवीच्या वर्गात शिष्यवृत्तीची सराव चाचणी झाली. मराठीचे पंचवीस प्रश्न. त्यात एक नेहमीचाच, 'शुद्ध शब्द ओळखा'. आर्शिवाद, आशिर्वाद, आर्शीवाद, आशीर्वाद. एका मुलीने चौथा गोल काळ्या बॉलपेनने इतका नीट भरला होता की शाई रेषेबाहेर कुठे गेली नव्हती. तिला पंचवीसपैकी चोवीस मिळाले. सोमवारी तीच मुलगी आजीला लिहिलेलं पत्र मला दाखवायला घेऊन आली. शेवटची ओळ होती, 'आजी, तुझा आर्शिवाद असू दे.'

मला तिचा राग आला नाही. चार शब्द समोर मांडले की त्यातला बरोबर कोणता, हे तिला येतं. कोरा कागद समोर आला की तो शब्द मनातून काढून लिहायचा असतो, आणि ते मी तिच्याकडून पुरेसं करून घेतलेलं नाही. बावीस वर्षं मराठी शिकवते आहे. गेल्या चार-पाच वर्षांत माझा वर्ग हळूहळू गोल भरण्याचा वर्ग झाला, आणि मी ते होऊ दिलं.

शिष्यवृत्ती परीक्षेबद्दल माझी तक्रार नाही, हे आधीच सांगते. राज्यभरातली लाखो मुलं एका दिवशी बसतात, त्या सगळ्यांचे निबंध तपासायला माणसं आणायची कुठून? शिवाय मशीनला मुलाचं अक्षर दिसत नाही, आडनाव दिसत नाही, तो कोणाच्या घरचा आहे हे दिसत नाही. हाताने तपासलेल्या पेपरात काय काय होतं ते आम्ही शिक्षक चांगलं जाणून आहोत. आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाण्याच्या, पेठच्या पाड्यावरच्या मुलाला या परीक्षेत जो निःपक्षपातीपणा मिळतो, तो मोलाचा आहे.

माझं दुखणं वेगळं आहे. वर्षातून एका दिवसाची ती पद्धत आता दर शनिवारी आली आहे. तिसरीच्या मुलांनाही ओएमआर शीट, म्हणजे मशीनने तपासायची, गोल भरायची उत्तरपत्रिका. मोबाइल समोर धरला की अ‍ॅप दोन सेकंदांत गुण सांगतं, पालकांच्या ग्रुपवर तक्ता जातो, सगळे खूश. मराठीच्या तासाला मुलं लिहीतच नाहीत.

वर्गात एकाने विचारलं, "मॅडम, मशीन आपलं उत्तर वाचतं का?" मी त्याला खरं ते सांगितलं. 1938 साली अमेरिकेतल्या आयबीएम कंपनीने उत्तरं तपासायचं जे यंत्र आणलं, ते पेन्सिलच्या खुणेतल्या ग्रॅफाइटमधून वीज जाते का, एवढंच बघायचं. आताचं यंत्र कागदावर प्रकाश टाकतं, कुठून कमी प्रकाश परत आला ते टिपतं आणि उत्तरसूचीशी ताडून बघतं. शब्द त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत. तो म्हणाला, "म्हणजे मी न वाचता गोल केला तरी चालेल?" चालतं. चार पर्यायांचे पंचवीस प्रश्न डोळे मिटून सोडवले तरी सरासरी सहा बरोबर येतात.

आणखी एक गोष्ट मला फार खुपते. 'शुद्ध शब्द ओळखा' म्हणताना आपण मुलांच्या डोळ्यांसमोर एक बरोबर आणि तीन चुकीची रूपं ठेवतो. आठवड्यामागून आठवडे. शब्दाचं चित्र मुलाच्या डोळ्यांत बसतं तेव्हा त्यातली तीन चित्रं आपणच चुकीची बसवलेली असतात. हल्ली फळ्यावर 'दीर्घ' लिहिताना माझाही हात क्षणभर थांबतो.

पण खरा घाव बसला तो एका उताऱ्याने. शेतकरी कांदा विकून बाजार समितीतून घरी येतो, कोणाशी बोलत नाही. तो गप्प का होता? दमला होता, भूक लागली होती, भाव मिळाला नाही, रागावला होता. निफाडकडच्या एका मुलाने काहीच भरलं नव्हतं. मला वाटलं प्रश्न नजरेतून राहून गेला असेल. विचारलं तर म्हणाला, "मॅडम, आईने किती आले ते विचारू नये म्हणून पप्पा बोलत नाहीत." त्या वर्षी वर्गात उतारा सगळ्यात खोल वाचला तो या मुलाने. त्याला शून्य मिळालं. मी ते बदलूही शकले नाही, तक्ता आधीच ग्रुपवर गेला होता.

भाषेच्या परीक्षेत नेमकं असं उत्तर यावं म्हणून आपण उतारा देतो ना? नाशिक हे कुसुमाग्रजांचं गाव. 27 फेब्रुवारीला इथे मराठी भाषा गौरव दिन साजरा होतो, आणि स्पर्धा काय, तर बहुपर्यायी प्रश्नमंजूषा. त्यांना ज्ञानपीठ कधी मिळालं? 1987. मुलं बरोबर सांगतात. त्यांची एक कविता मोठ्याने म्हणून दाखव म्हटलं की वर्ग शांत.

याचं पुढे काय होतं ते घरातच बघते आहे. माझा भाचा गंगापूर रोडच्या अभ्यासिकेत एमपीएससी करतो. 2025 पासून राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली. सामान्य अध्ययनाचे पेपर आधी बहुपर्यायी होते, तिथे आता पानंच्या पानं लिहायची आहेत, आणि मराठीचा 300 गुणांचा स्वतंत्र पेपर आहे. हुशार मुलगा, माहिती तोंडपाठ. परवा निबंध घेऊन आला, "मावशी, जरा तपासून दे ना." पहिल्या परिच्छेदात चार मुद्दे होते, पण एका वाक्याचा दुसऱ्याशी संबंध लागत नव्हता. म्हणाला, "काय लिहायचं ते माहितीये गं, सुरुवातच होत नाही." पंचविसाव्या वर्षी त्याला ते शिकावं लागतंय.

म्हणून मी दर बुधवारी दहा मिनिटं ठेवली आहेत. विषय फळ्यावर, चार वाक्यं, पर्याय नाहीत. वर्गात बावन्न मुलं आहेत, एका वहीला चार मिनिटं धरली तरी साडेतीन तास जातात, आणि ते घरी बसूनच जातात. चाचणी झाल्यावर चुकीचे तीन पर्याय का चुकीचे, हेही मुलांकडून तोंडी वदवून घेते. उत्तराइतकं कारणही ऐकते.

आजीला लिहिणाऱ्या त्या मुलीच्या पत्रात गोदावरीच्या पुराबद्दल आणखी दोन ओळी होत्या. 'आजी, पुराचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत आलं होतं. भांडी बाजारातले काका डोक्यावर पातेली घेऊन पळत होते आणि पातेली वाजत होती.' 'आर्शिवाद' मी खाली तिच्याकडून तीनदा लिहून घेतला, बरोबर करून. या दोन ओळींखाली मात्र लाल पेन लावला नाही.

पुढच्या पालकसभेला मी गुणांचा तक्ता नेणार नाही. बावन्न वह्या घेऊन येणार आहे. आपल्या मुलाची वही तिथेच बसून वाचा, मग आपण बोलू.