मोटेल विकत घेणं हे अर्ध्याहून कमी काम आहे

कॅलिफोर्नियात एखादी सिटी बेघर लोकांसाठी मोटेल विकत घेणार अशी बातमी आली की सगळी चर्चा एकाच आकड्यावर येते: खोलीमागे किती डॉलर पडले? माझं स्पष्ट मत आहे, त्याआधी विचारायला हवं की सहाव्या वर्षी तिथल्या केस मॅनेजरचा, म्हणजे राहणाऱ्यांना कागदपत्रं, उपचार अशा गोष्टींत मदत करणाऱ्या कार्यकर्त्याचा, पगार कुठून येणार.

मोटेल घेण्याच्या मी पूर्ण बाजूने आहे. जुलै २०२० मध्ये राज्याने होमकी, म्हणजे मोटेल-हॉटेलं घेऊन बेघरांसाठी घरं करण्याची योजना, जाहीर केली. सुरुवातीच्या ६० कोटी डॉलरपैकी ५५ कोटी केंद्राच्या कोविड निधीतले होते आणि ते ३० डिसेंबरच्या आत खर्च करायची अट होती. पुढे निधी सुमारे ८५ कोटींपर्यंत वाढला, आणि झोनिंग (जमीन-वापर) व पर्यावरण परवानग्यांत सूट मिळाली म्हणून तेवढ्या मुदतीत ९४ प्रकल्प आणि सुमारे ६,००० घरं उभी राहिली. नव्या बांधकामाला कितीतरी वर्षं लागतात. फूटपाथवर झोपणाऱ्या माणसाला तेवढं थांबता येत नाही.

पण मोटेलची खोली दोन रात्रींसाठी बांधलेली असते. तिथे कायम राहायचं तर आधी स्वयंपाकाची सोय लागते, आणि गाडी इथेच अडते. जुन्या मोटेलात बाथरूम सोडून बाकी प्लगसाठी खोलीला अनेकदा २० अँपिअरचं एकच सर्किट असतं, कधी तर दोन खोल्यांत मिळून एक. त्यावर १८०० वॅटची इंडक्शन शेगडी लावली की १२० व्होल्टला १५ अँपिअर तिथेच गेले. शेजारी मायक्रोवेव्ह सुरू केला की आणखी बारा-तेरा. ब्रेकर पडणारच. मग माणूस एक्स्टेन्शन बोर्ड लावून बाथरूमच्या प्लगवर शेगडी चालवतो, आणि आगीचा धोका सुरू होतो. उपाय म्हणजे प्रत्येक खोलीला स्वयंपाकाची वेगळी सर्किटं आणि इमारतीचा मुख्य वीज-बोर्ड, म्हणजे मेन पॅनल, मोठं. कधी वीज कंपनीकडून नवा ट्रान्सफॉर्मरही घ्यावा लागतो. तो अर्ज खरेदी ठरताच गेला पाहिजे, कारण त्यात महिनेच्या महिने जातात आणि रंग मारून तयार झालेल्या खोल्या रिकाम्या पडून राहतात. सिंक बाथरूमच्या भिंतीलाच लागून घ्यावं, म्हणजे ड्रेनसाठी स्लॅब फोडावा लागत नाही.

बाथरूमचं दार हे दुसरं दुखणं. जुन्या मोटेलात ते अनेकदा २४ इंची असतं, व्हीलचेअरला ३२ इंच मोकळी जागा लागते आणि आत वळायला पाच फुटांचा गोल. केंद्राचा पैसा असेल तर किमान ५ टक्के घरं चालण्याची अडचण असलेल्यांसाठी आणि २ टक्के ऐकू किंवा दिसत नसलेल्यांसाठी सोयीची करावी लागतात. दुमजली मोटेलला बहुधा लिफ्ट नसते, म्हणजे हा सगळा भार तळमजल्यावर येतो.

म्हणून खोल्या कमी होतात, आणि व्हायलाच हव्यात. मिलपिटासमध्ये १४६ खोल्यांच्या एक्स्टेंडेड स्टे हॉटेलातून १३२ घरं झाली. ते लांबच्या मुक्कामाचं हॉटेल असल्याने खोल्यांत छोटं किचन आधीपासून होतं, हा मोठाच फायदा. केस मॅनेजरला दार बंद करून बोलता येईल अशी खोली, नर्ससाठी एक, लॉन्ड्री, पुढच्या दाराशी चोवीस तास माणूस, यांना जागा द्यावीच लागते. आकडा मोठा दिसावा म्हणून ही जागा कापली, तर घर राहतं पण आधार जातो.

मोटेलात आधीपासून महिनोन्‌महिने राहणारी कुटुंबंही असतात. कॅलिफोर्नियात ३० दिवसांहून जास्त राहिलेल्याला साधारणपणे भाडेकरूचे हक्क मिळतात. त्यांच्या पुनर्वसनाचा खर्च खरेदीच्या हिशेबात धरला नाही, तर एकाला घर देताना दुसरा रस्त्यावर येतो. हे मला अजिबात मान्य नाही.

आता पगाराचा प्रश्न. राहणारा माणूस साधारण उत्पन्नाच्या ३० टक्के भाडं देतो. उत्पन्नच अपंगत्व भत्त्याचं असेल, तर त्यातून वीज, दुरुस्ती, पहारा आणि वीस-पंचवीस घरांमागे एक केस मॅनेजर निघत नाही. ती तूट हाउसिंग व्हाउचर (भाड्याचा उरलेला भाग भरणारी सरकारी मदत) आणि काउंटीच्या मानसिक आरोग्य निधीतून भरतात. खरेदीचे पैसे एकदाच येतात, अट मात्र इमारत ५५ वर्षं परवडणारी ठेवायची. व्हाउचरचा करार हातात नसताना खरेदीखतावर सही करू नये.

बे एरियातल्या मराठी मंडळींना विनंती. आपल्या सिटीत सुनावणी असेल तर विरोध किंवा पाठिंबा नोंदवून घरी येऊ नका. विचारा: मेन पॅनल किती अँपिअरचं आहे? व्हाउचर किती वर्षांचे? रात्री दोन वाजता दाराशी कोण असेल? आणि पहिल्या दिवशी येणाऱ्यांची ओळखपत्रं, सोशल सिक्युरिटी कार्डं कोण काढून देतंय? एका जन्मदाखल्यासाठी तयार खोली कुलूपबंद राहते, आणि ज्याच्या नावाची ती आहे तो बाहेर गाडीत झोपलेला असतो.